पायलच्या डब्यातली प्लेट

माझी नणंद पायल पाणी पिण्याआधी पेल्याच्या कडेवरून नख फिरवते. दुसऱ्याच्या घरीही, आणि घरची बाई समोर उभी असली तरी. नख कुठे अडलं, कडेला साबणाचा किंवा जुन्या चहाचा थर लागला, की पेला तसाच खाली ठेवायचा आणि म्हणायचं, "मले तहान नाई." तिच्यामुळे अमरावतीत आमच्या राजापेठेतल्या निम्म्या बायकांशी मला जपून बोलावं लागतं.

माझं लग्न झालं तेव्हा ती शाळेत होती. मांडवात बाकीच्या पोरी माझ्या शालूला हात लावून पाहत होत्या. ही पायाशी बसली, माझ्या जोडव्यावर बोट फिरवलं आणि वर पाहून म्हणाली, "वहिनी, सोनारानं नीट घासलं नाई हे. साडी अडकन तुमची." सासरचा मला मिळालेला पहिला शब्द हा. साडी अडकलीही. पुढे पंगतीत वाढणाऱ्याचा अंगठा वरणात बुडालेला दिसला, तर ही ताटावरून उठून जायची. सासूबाई म्हणायच्या, "हे पोट्टी कोनाच्या घरी नांदन, बाप्पा!" मला मात्र ती आवडायची. घाणीला घाण म्हणणारं माणूस घरात असलं की आपली भांडी स्वच्छ राहतात, असा माझा साधा हिशेब होता.

मेकॅनिकलचा डिप्लोमा तिने आमच्याकडे राहूनच केला. नंतर अकोल्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली. मोटारपंपाचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरणारे दांडे, बनवणारं लहानसं शॉप, मालक किशोरभाऊ. ती तिथे तपासणीला आहे. बाकी लोक यंत्रांवर लोखंड कापतात, घासतात. ही टेबलावर बसून ते किती खडबडीत राहिलं ते मोजते. देवाने माणूस पाहून काम दिलं, असं मी तेव्हा म्हटलं होतं.

तिने मला हे काम समजावून सांगितलं ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून. लोखंड आपल्याला गुळगुळीत दिसतं, कारण आपले डोळे जाड. यंत्रावरून उतरलेल्या प्रत्येक तुकड्यावर बारीक सऱ्या असतात, डवरलेल्या वावरात, म्हणजे कोळपलेल्या शेतात, असतात तशा. शाफ्टवर जिथे रबरी सील बसतं तिथे त्या सऱ्या खोल राहिल्या तर सील झिजतं आणि पाणी मोटारीत शिरतं. पायलकडे तळहातावर मावेल एवढं यंत्र आहे. त्यातून हिऱ्याच्या टोकाची सुई निघते, सऱ्यांना आडवी चालत जाते, चढते, उतरते आणि पडद्यावर आकडा येतो. सीलच्या जागी तो आकडा पॉइंट आठच्या वर गेला, की शाफ्ट रिजेक्ट. बाकीच्या भागांना मुभा मोठी, तिथे एवढं बारीक कोणी बघत नाही.

आणि यंत्र खरं बोलतं की नाही, हे कसं कळायचं? त्यासाठी एक चकचकीत प्लेट असते, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तिच्यावर ठरावीक खोलीच्या सऱ्या मुद्दाम कोरलेल्या, आणि त्यांचा आकडा सोबत लिहून दिलेला. सकाळी सुई आधी प्लेटवर चालवायची. आकडा कमी आला तर यंत्राला सांगायचं, बाबा रे, तू कमी दाखवतोस, वाढव. मग दिवसभर ते त्या बेताने वाढवून दाखवतं; बंद केलं की विसरतं, म्हणून हे रोज करायचं. ती प्लेट पायल मखमली डब्यात ठेवायची आणि कोणाला शिवू द्यायची नाही.

आता किसनरावांकडे येते.

किसनराव त्या शॉपमधले सगळ्यात जुने. बार्शीटाकळीहून रोज येणार आणि ग्राइंडिंगच्या मशीनवर उभे राहणार. शाफ्टवरचा शेवटचा हात त्यांचा, सीलची जागा तेच घासायचे. आणि दिवसभर खर्रा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तंबाखू, सुपारी, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून केलेला लगदा. तो गालात. बोटं कायम तपकिरी, नखांच्या कडा काळ्या, ओठांच्या कोपऱ्यात लाल फेस. मी एकदा अकोल्याला तिच्या खोलीवर राहायला गेले असताना तिचा जेवणाचा डबा द्यायला तिथे गेले होते. यंत्रांवर सोडतात ते पांढरट पाणी शिळं झालं होतं, नासक्या दुधासारखा वास. त्यात किसनरावांच्या मशीनशेजारी रंगाचा एक रिकामा डबा, वाळू घातलेला, थुंकायला. त्या वाळूकडे माझी नजर गेली आणि खोलीवर येऊन मी जेवले नाही. म्हणजे पायलची किळस खोटी नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवते.

एके दिवशी तिचा फोन आला. "वहिनी, फेकून देल्ला मी तो डबा."

"मंग आता थुंकतात कुठं?"

"मशीनमांगच्या कोपऱ्यात. भीत लाल झाली गुडघ्यापर्यंत. जनावर बरं."

"म्हंजे डबा होता तेच बरं होतं की नाई?"

"तुमी त्याहीची बाजू घेऊ नका. तुमाले रोज पाहा लागत नाई."

खरं होतं, मला रोज पाहावं लागत नव्हतं.

दसऱ्याला शॉपमध्ये यंत्रांची पूजा होते. सगळी धुऊन-पुसून, झेंडूचे हार घालून, आणि वयाने मोठा माणूस ताट घेऊन प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू लावत फिरतो. मोठे किसनरावच. त्या दिवशी ते धुतलेला पांढरा सदरा घालून येत आणि दुपारपर्यंत खर्रा तोंडात घालत नसत, हे पायलच सांगते. तिच्या टेबलाशी आले की यंत्राच्या डब्याच्या झाकणावर एक बोट कुंकू लावायचं आणि पुढे जायचं, ही दरवर्षीची रीत.

या दसऱ्याला तिने त्यांना टेबलाशी येऊ दिलं नाही.

"किसनराव, अथी नका लावू. मी लावते माह्या हातानं."

"काहून? माह्या हाताचं देवाले चालते, तुह्या मशीनले नाई चालत?"

"तुमच्या बोटाले काय लागलं ते पाहा आंदी."

सगळे हसले. किशोरभाऊही हसले. किसनरावांनी खरंच बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, म्हणे. मग ताट टेबलावर ठेवलं आणि बाजूला झाले.

पायलला वाटलं, पूजा करायची तर मनापासून करू. तिने झाकणाला नाही लावलं. मखमली डबा उघडला, प्लेट बाहेर काढली, कुंकू पाण्यात कालवलं आणि करंगळीशेजारच्या बोटाने प्लेटच्या मधोमध टेकवलं. वर हळद, वर अक्षता, वर झेंडूची पाकळी. दुसऱ्या दिवशी मऊ फडक्याने पुसून घेतलं. ती प्लेट घासायची नसते, नाजूक असते. फोनवर हे सगळं तिने मला कौतुकाने सांगितलं, आणि मी म्हटलं, "छान केलं." मलाही काय कळत होतं!

दसऱ्यानंतर किसनरावांचे शाफ्ट रिजेक्ट व्हायला लागले.

आधी एखादा, मग टोपलीभर. पॉइंट आठच्या वर, पॉइंट नऊला टेकलेले. किसनरावांनी चाकाचा दगड बदलला, धार करून घेतली, पाणी बदललं. आकडा हलेना. टेबलाशी येऊन म्हणाले, "पोरी, तुही सुई भैताड झाली, येड्यावानी दाखवते."

पायल म्हणाली, "सुई नाई, तुमचा हात झाला. खर्रा सोडा, मंग हात थरथरनार नाई."

किशोरभाऊंनी ते ऐकलं. त्यांनी समजुतीच्या आवाजात म्हटलं, वय झालं, नजर कमी झाली असेल. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी किसनरावांना सांगून टाकलं, आता घरी आराम करा, येऊ नका.

हे पायलने मला सांगितलं ते धनत्रयोदशीला, आमच्या घरी पाय पसरून बसून, माझी चकली खात. "आता कोपरा धुऊन घेते आन चुना मारते. शॉप मानसाईचं वाटन." चकली तेलकट झाली नाही, हेही तिने सांगितलं. मला त्या वेळी तिचं तोंड चालताना पाहवेना. मी ताट उचलून आत गेले. घरात सण होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी देवघरातली भांडी घासायला काढली. आमच्या ओवाळणीच्या पितळी तबकावर बारीक रेघांची वेलबुट्टी आहे. त्या रेघांत वर्षभराचं कुंकू बसतं. चिंच लावली, राख लावली, घासून घासून माझं मनगट भरून आलं. पायल शेजारी बसून समया पुसत होती.

"पुसलं की वाटते निघालं," मी आपली पुटपुटत होते, "पन रेघेत जाऊन बसते मेलं. ओलं लावलं की दगडच होते त्याचा."

"पाहू," म्हणत तिने तबक ओढून घेतलं आणि सवयीप्रमाणे नख फिरवलं. एकदा फिरवलं. परत फिरवलं. मग दुसऱ्या बाजूला, जिथे मी काडीने कुंकू कोरून काढलं होतं, तिथे फिरवलं. तिथे नख खरखर वाजलं. भरलेल्या रेघांवर काहीच वाजलं नाही.

तिने तबक खाली ठेवलं. हात धुतले. परत धुतले.

"काय झालं वो बाई?"

"काई नाई."

लक्ष्मीपूजनाला ती जेवली नाही. आमच्या ह्यांना वाटलं पित्त झालं. मला पित्त आणि पाप यांतला फरक चेहऱ्यावरून ओळखता येतो, मी बी.ए. मानसशास्त्र घेऊन केलं म्हणून नाही, घर चालवते म्हणून. पाडव्याला सकाळी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता बोल."

तिने कपाकडे पाहत विचारलं, "वहिनी, सऱ्या मातीनं भरल्या तं वावर सपाट दिसते ना?"

"दिसते."

"मी प्लेटीच्या सऱ्याहीत कुंकू भरलं. म्हून सुई प्लेटीवर कमी चढली-उतरली. आकडा कमी आला. मले वाटलं सुईचं टोक झिजलं, म्हून मी रोज मशीनले वाढव म्हनलं. मंग ते सगळ्याहीचंच वाढवून दाखवत होतं. बाकीच्याहीले मुभा मोठी, ते पास झाले. किसनराव काठावर काम करतात, ते..." तिने कप ठेवला. "त्याहीचा हात चांगलाच असन."

तिला आकडा वाढलेला दिसला होता. प्लेट रोज कमी दाखवते, हेही दिसलं होतं. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ती थांबली असती, सगळं उलटून-पालटून पाहिलं असतं. पेल्याची कड सोडत नाही ती बाई! पण हा आकडा तिला हवा होता. ज्या माणसाची तिला शिसारी होती त्याचं कामही घाण आहे, असं यंत्र सांगत होतं, आणि तिने ते गोड मानून घेतलं.

"किशोरभाऊले फोन लाव," मी म्हटलं.

"प्लेट पाहिल्याशिवाय कसा लावू? तसं नसनही. खरंच त्याहीचा हात गेला असन तं?"

आणि हे बोलताना तिच्या डोळ्यांत आशा होती. तो म्हातारा खरंच निकामी झाला असावा, ही आशा. त्या लाल भिंतीपेक्षा मला ती घाण वाटली. मी तसं बोलून दाखवलं नाही. पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, म्हणजे तिला ते दिसलं असणार.

भाऊबीजेला मला माझ्या भावाकडे बाळापूरला जायचंच होतं. तिथून मी अकोल्यात तिच्या खोलीवर गेले आणि शॉप उघडलं त्या सकाळी तिच्यासोबत. ती म्हणाली नव्हती या म्हणून. मीही विचारलं नव्हतं.

तिने डबा उघडला. प्लेट मला स्वच्छ दिसत होती, आरशासारखी. खिडकीकडे तिरपी धरल्यावर मधोमध थोडी गुलाबी झाक होती, ती कोणीही उजेडाची समजली असती. पायलने कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावलं आणि सऱ्यांच्या दिशेने हळूहळू फिरवलं. बोळा उलटा केला. गुलाबी. दुसरा घेतला, तोही गुलाबी. तिसरा फिकट. मग तो पांढरा निघेपर्यंत ती थांबली नाही. नंतर सुई चालवली. आकडा दसऱ्याआधी यायचा तेवढा आला.

आता भंगाराकडे. किसनरावांचे रिजेक्ट शाफ्ट कोपऱ्यात टोपल्यांत पडले होते, वर त्यांच्याच थुंकीचे शिंतोडे असलेली भिंत. पायल त्या कोपऱ्यात गेली, टोपली ओढत टेबलाशी आणली आणि एकेक शाफ्ट पुसून मोजायला बसली. पॉइंट सहा. पॉइंट सहाच्या थोडा वर. पॉइंट सहा. मी स्टुलावर बसून पाहत होते. असं एकसारखं काम मी आयुष्यात पोळ्यांचंही केलेलं नाही.

किशोरभाऊ आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हाताला सॅनिटायझर चोळत. पायलने उभं राहून सगळं सांगितलं, कुंकवासकट, काही न लपवता. ते खूश झाले.

"म्हंजे माल वाचला! वा. लाव चांगल्या मालाच्या लाटमधी."

"आन किसनराव?"

"त्याहीचं काय? ते झालं ना आता. सोमवारी नवा मानूस येऊन राहिला, रोहित म्हून. एकदम नीटनेटका. तुले आवडन."

"भाऊ, त्याहीची चूक नोयती."

"मी कुठं म्हनतो होती?" ते हसले. पांढरे, सरळ दात. "पायल, तूच म्हने ना मले, याच्याजोळ उभं राहवत नाई, ओकारी येते? मी तं म्हनतो त्या निमित्तानं काम झालं. आता कावून खोदून राहिली?"

मी मघापासून त्या भिंतीकडे न पाहायचा प्रयत्न करत होते. आता मला भिंत बरी वाटली. सॅनिटायझरचा वास इतका गोड, की मी स्टूल मागे सरकवलं.

पायल शाफ्ट हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "मोजनी चुकली हे गिऱ्हाइकाले कळवा लागते, भाऊ. कारनही सांगा लागते. मी सांगन की माह्या चुकीनं ग्राइंडरवाला घरी बसवला. मंग 'परत आनला' म्हनू, का 'माहीत पडलं तरी नाई आनला' म्हनू?"

किशोरभाऊंचे हात चोळायचे थांबले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, सांगा हो हिले काई."

"ती सांगून राहिली तेच आयका," मी म्हटलं.

"आना मंग. तूच आन. तो मतारा येते का पाहा."

बार्शीटाकळीला आम्ही दुपारच्या एसटीने गेलो. पायलने पर्समध्ये मोजायचं यंत्र, प्लेटचा डबा आणि ओढणीत गुंडाळून किसनरावांचा एक शाफ्ट घेतला होता. यंत्र शॉपबाहेर न्यायचं नसतं.

दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा. किसनराव बाजेवर बसून पन्नीत खर्रा घोटत होते. मी शॉपमध्ये पाहिलं होतं तेव्हा त्यांची दाढी तुळतुळीत केलेली होती. आता गालावर पांढरे खुंट. त्यांच्या बायकोने, पार्बताबाईने, आम्हाला पाणी आणून दिलं. पेले धरताना तिची बोटं आत बुडाली होती. मी माझा पेला घेतला. पायलने तिचा घेऊन बाजूला ठेवला.

मग तिने सांगितलं. कुंकू, प्लेट, आकडा. हात जोडले नाहीत, रडलीही नाही, सरळ सांगितलं. किसनराव घोटत राहिले. पन्नीचा चुरचुर आवाज तेवढा. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी ओट्याच्या कडेशी जाऊन पचकन थुंकलं.

"म्हनलो होतो ना, सुई भैताड झाली म्हून."

"हो."

"तवा तू काय म्हनली? खर्रा सोडा म्हनली. चार लोकाईत माह्यं बोट पाहाले लावलं."

पार्बताबाई दारात उभी होती, ती पदर खोचून पुढे आली.

"बाई, याची किळस आमाले येते. लगनापासून येते. उश्या धुऊन धुऊन माहे हात गेले. आमी रायतो त्याच्यासंगं, आमचा हक हाये. तुले कोनं देल्ला?"

"गप वं," किसनराव म्हणाले.

"कावून गप? सांगू दे ना. दाढी करनं सोडलं या मानसानं! जवानीपासून सोताच्या हातानं उस्तऱ्यानं करत होता, आरसा नाई लागे त्याले. आता म्हनते, हात थरथरते, कापन. न्हाव्याकडं जाले शरमते. म्या म्हनलं कुठं थरथरते, दाखव. तं म्हनते, मशीन खोटं नाई बोलत."

किसनरावांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, एखाद्याने काही लपवावं तसे.

मला तेव्हा कळलं, की त्या आकड्याने त्यांची नुसती नोकरी घेतली नव्हती.

पायलने पर्स पुढे ओढली. तिने ओढणी सोडली. शाफ्ट बाजेवर ठेवला, डगडगू नये म्हणून खाली त्यांचाच पंचा लावला. प्लेट काढून आधी तिच्यावर सुई चालवली आणि आकडा त्यांना वाचायला लावला. मग शाफ्टवर. सुई सावकाश सरकत गेली. आम्ही तिघी आणि तो म्हातारा त्या केसाएवढ्या टोकाकडे पाहत होतो. पडद्यावर आकडा आला. पायलने यंत्र त्यांच्याकडे वळवलं.

"वाचा."

"तूच वाच."

"नाई. तुमी वाचा."

त्यांनी डोळे बारीक केले. "पॉइंट... सहा." मग म्हणाले, "हा दसऱ्यानंतरचा होय?"

"तुमचा शेवटचा. जायच्या दिवशीचा."

मांडीखालचा उजवा हात बाहेर आला. तपकिरी अंगठा शाफ्टवर टेकला आणि सीलच्या जागेवरून गोल फिरला, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. चकचकीत लोखंडावर खर्ऱ्याचा डाग उमटला. पायलचा हात फडक्याकडे गेला आणि मधेच थांबला.

किसनराव हसले. तोंडातला तो सगळा लाल चिखल दिसला. "पूस, पूस. तुह्यानं राहवनार नाई."

तिने पुसलं.

"येतो मी," ते म्हणाले. "पन सगळ्याहीच्या समोर सांगजो. हासले होते तवा सगळे होते, तं हेही सगळ्याईत. आन माहा डबा पायजे. तू फेकला तो."

"देते."

"वाळू घालून."

"घालून देते."

पार्बताबाई अजून तिच्याकडेच पाहत होती. म्हणाली, "पानी नाई पेली तू."

पायलने पेला उचलला. नख आपोआप कडेवर गेलं. अडलं. मी पाहिलं अडलेलं. पार्बताबाईनेही पाहिलं असावं, ती बाई काही कमी नव्हती. पायल शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायली आणि पेला जपून खाली ठेवला. स्टँडवर आल्यावर तिने नळाखाली वाकून खळाळून चूळ भरली. एकदा भरून भागलं नाही. मी तिची पर्स धरून उभी होते. माणूस एका दुपारीत बदलतं असं मला कधी वाटलेलं नाही, आणि तिचं तोंड धुणं पाहून वाईटही वाटलं नाही.

मी अमरावतीला परत आले. सोमवारी तिचा फोन.

"आले का?"

"आले. म्या सगळ्याहीले उभं करून सांगितलं. तो नवा रोहित आला होता, त्याच्यापुढंच. किशोरभाऊ मोबाइल पाहत होते."

"किसनराव काय म्हनले?"

"काई नाई. मशीन चालू केली. वहिनी, दाढी केली होती त्याहीनं. घोटून. हनवटीले एक जागी कापलं होतं, कागद चिटकवलेला."

"मंग?"

"मंग काई नाई. पयला शाफ्ट आणून देल्ला. पॉइंट सहा."

"आन डबा?"



"वाळू घालून देल्ला. अर्धा भरलाही त्याहीनं, सकायपासून. वाळू बदलाची पाळी माह्यीच, असं ठरवलं त्याहीनं. ओकारी येते, वहिनी. खरंच ओकारी येते."

"येऊ दे," मी म्हटलं. "पन प्लेटीले रोज कापूस फिरव."

"फिरवते ना. मंग डब्यातली वाळू बदलते, मंग हात धुते."